एक्स्पेक्ट: दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

एक्स्पेक्ट हे कमांडलाइनवरची तीच तीच कामं आपल्या वतीने करणारं टूल, पण आधी ते मला का लागलं ते सांगतो. मी पुण्यात एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क बघतो. संस्थेच्या इमारती एका जागी नाहीत, मेन कॅम्पस कोथरूडला, एक इमारत पेठेत, दोन छोटी सेंटर वारजे आणि हडपसरला, आणि सगळीकडचे मिळून 43 मॅनेज्ड स्विच, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारे डबे, ज्यांच्यात लॉगिन करून सेटिंग बदलता येतात. त्यातले निम्म्याहून जास्त जुने आहेत, त्यांना ना एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने थेट काम करून घ्यायची सोय) ना धड एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत), काहींना तर फक्त टेलनेटच (दुरून लॉगिनची जुनी पद्धत) कळतं. आणि ऑडिटवाल्यांचा नियम असा की दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे. म्हणजे एकेका स्विचवर लॉगिन व्हा, इनेबल करा (बदल करायचे अधिकार घ्या), कॉन्फिगमध्ये जा, नवा पासवर्ड टाका, सेव्ह करा, बाहेर पडा, पुढचा. एकाला तीन मिनिटं धरली तरी दोन तासांच्या वर जातात, आणि तिसाव्या स्विचला बोटं आपोआप चालतात पण डोकं चालत नाही, तिथेच टायपिंगची चूक होते. हे मी दीड वर्ष हाताने केलंय.

मग ज्याला त्याला सुचतं ते मलाही सुचलं, की शेल स्क्रिप्ट लिहू, म्हणजे ओळीने कमांड चालवणारी फाइल. पासवर्ड इको करायचा (छापायचा) आणि पाइपने, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्यात सोडून, एसएसएचला द्यायचा, झालं. तर ते होत नाही! कारण एसएसएचसारखे प्रोग्राम पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून घेतच नाहीत, ते थेट टर्मिनलकडून मागतात. तुम्ही पाइपमधून कितीही ओता, ते तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, समोर कीबोर्डवर माणूस बसलेला पाहिजे. आणि टेलनेटला पाइप चालतो, पण तिथे दुसरीच अडचण, समोरचा स्विच तयार व्हायच्या आधीच आपला सगळा मजकूर जाऊन पडतो आणि निम्मा गिळला जातो. मध्ये स्लीप (थोडं थांबायची कमांड) टाकून बघितलं, दोन सेकंद, पाच सेकंद, कधी चालायचं कधी नाही. अंदाजावर काम चालू होतं ते.

आमच्या सरांनी तेव्हा एकच वाक्य सांगितलं, "अरे, तू घड्याळ बघून बोलतोयस, समोरचा काय म्हणतोय ते ऐकून बोल, एक्स्पेक्ट बघ." तिथून हे टूल माझ्या हातात आलं आणि आता दोन वर्षं झाली.

तर हे एक्स्पेक्ट म्हणजे काय, तर प्रश्न विचारणाऱ्या कमांडलाइन प्रोग्रामना आपल्या वतीने उत्तरं देणारी स्क्रिप्टिंगची भाषा. डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत ती बनवली, 1990 मध्ये लोकांसमोर आली, आणि सरकारी काम असल्यामुळे पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे पूर्ण फुकट, ट्रायल नाही, लायसन्सची भानगड नाही. आतमध्ये टीसीएल भाषा आहे, जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत बनवलेली. उबुंटूवर एक ॲप्ट इन्स्टॉल मारला की येतं, मॅकवर तर आधीपासूनच असतं. माझ्याकडे 5.45.4 आवृत्ती आहे आणि या दोन वर्षांत तिने एकदाही क्रॅश होऊन मला अडवलेलं नाही.

यातली खरी हुशारी ही आहे की एक्स्पेक्ट समोरच्या प्रोग्रामला एक खोटं टर्मिनल उघडून देतं, त्याला स्यूडो टर्मिनल म्हणतात. एसएसएचला वाटतं समोर माणूसच बसलाय. त्यामुळे जे पाइपने होत नाही ते इथे होतं, आणि रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून), कोणीही स्क्रीनसमोर नसताना चालवलं तरी होतं.

शब्द मुख्य चारच आहेत. स्पॉन म्हणजे प्रोग्राम सुरू कर. एक्स्पेक्ट म्हणजे अमुक मजकूर येईपर्यंत थांब. सेंड म्हणजे हे टाइप कर. आणि इंटरॅक्ट म्हणजे आता कीबोर्ड माणसाच्या हातात दे. मी पहिली स्क्रिप्ट लिहिली ती अक्षरशः अशी होती: टेलनेट स्पॉन कर, "युजरनेम" दिसेपर्यंत थांब, ॲडमिन पाठव, "पासवर्ड" दिसेपर्यंत थांब, पासवर्ड पाठव, टोकेरी कंस दिसेपर्यंत थांब, इनेबल पाठव. वाचताना असं वाटतं की नवीन मुलाला शेजारी बसवून काम समजावून सांगतोय, आणि मला याच गोष्टीने हे टूल आवडलं. एक मात्र लक्षात ठेवा, सेंड केल्यावर एंटर आपोआप बसत नाही, शेवटी बॅकस्लॅश आर लावावा लागतो. मी सुरुवातीला सवयीने बॅकस्लॅश एन लावत होतो आणि काही स्विच ते घ्यायचे, काही नुसते बघत बसायचे, त्यात अर्धा दिवस गेला. माणूस एंटर दाबतो तेव्हा जे जातं ते कॅरेज रिटर्न असतं, म्हणून आर.

पहिल्यांदा सगळ्या 43 वर चालवलं ती रात्र मला नीट आठवते. गणपतीचा आठवडा होता, बाहेर पाऊस, मी खालच्या अमृततुल्यवरून चहा आणून बसलो आणि स्क्रिप्ट सोडली. स्क्रीनवर आपोआप लॉगिन होतंय, कमांड टाइप होतायत, सेव्ह होतंय, बाहेर पडतंय, लगेच पुढचा आयपी. साधारण 11 मिनिटांत यादी संपली. दोन तासांचं काम. लॉगमध्ये 43 वेळा "झालं" आलेलं होतं आणि मी खुशीत घरी गेलो.

सकाळी पेठेतल्या इमारतीच्या एका स्विचवर नवीन पासवर्ड चालेना.

माझ्या पोटात गोळा आला कारण गणपतीत पेठेतले रस्ते संध्याकाळी बंद असतात, आणि तो स्विच जर अर्धवट कॉन्फिग होऊन बसला असेल तर कन्सोल केबल घेऊन लकडी पुलावरून गर्दीतून चालत जावं लागणार होतं. जुना पासवर्ड टाकून बघितला तर आत गेलो. म्हणजे तिथे काही बदललंच नव्हतं, आणि लॉग म्हणत होता "झालं".

शोधल्यावर कारण सापडलं आणि ते प्रत्येक नवीन माणसाला माहीत असलं पाहिजे म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या स्विचमध्ये कोणे एके काळचे दोन ऑथेंटिकेशन सर्व्हर लिहून ठेवलेले होते, दोन्ही केव्हाच बंद पडलेले. स्विच आधी पहिल्याला विचारायचा, थांबायचा, पुन्हा विचारायचा, मग दुसऱ्याला, आणि सगळीकडून निराश झाल्यावर स्वतःच्या आतला पासवर्ड तपासायचा. यात 40 सेकंद जायचे. आणि एक्स्पेक्टचा टाइमआउट तुम्ही काही सांगितलं नाही तर 10 सेकंदांचा असतो. आता तुम्ही म्हणाल 10 सेकंद झाले की एरर यायला पाहिजे ना? नाही येत. 10 सेकंदांत अपेक्षित मजकूर आला नाही तर एक्स्पेक्ट गुपचूप पुढच्या ओळीवर जातं. माझ्या स्क्रिप्टने प्रॉम्प्टची (स्विच पुढच्या कमांडसाठी तयार असल्याच्या खुणेची) वाट बघितली, 10 सेकंद संपले, इनेबल पाठवलं, परत 10 सेकंद, पासवर्ड पाठवला, परत 10, असं करत करत समोर कोणी ऐकतंय का हे न बघता सगळं बोलून टाकलं आणि शेवटी "झालं" लिहिलं.

ही माझी या टूलबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. ज्या टूलचं अख्खं काम वाट बघणं आहे त्याने वाट बघून थकल्यावर निदान ओरडायला तरी हवं. उपाय आहे आणि सोपा आहे, प्रत्येक एक्स्पेक्टमध्ये मजकुराच्या जोडीला टाइमआउट आणि ईओएफ या दोन शाखा लिहायच्या, पहिली म्हणजे उत्तर आलं नाही, दुसरी म्हणजे समोरच्याने कनेक्शनच तोडलं, आणि दोन्हीमध्ये आयपीसकट नोंद करून बाहेर पडायचं. मी आता त्याचा एक प्रोसीजर करून ठेवलाय, सगळ्या स्क्रिप्ट तोच वापरतात, आणि टाइमआउट 60 वर नेलाय. शिवाय "झालं" हे आता पासवर्ड टाकल्यावर लिहिलं जात नाही, स्क्रिप्ट बाहेर पडते, नवीन पासवर्डने परत लॉगिन करते, आत गेली तरच लिहिते. त्याने वेळ दुप्पट झाला, 20-22 मिनिटं लागतात, लागू देत.

दुसरी डोकेदुखी म्हणजे टीसीएलचे कंस. एसएसएचने पहिल्यांदा नवीन मशिनला जोडताना तो विचारतो ना, पुढे जायचं का, यस, नो की फिंगरप्रिंट, त्यात फिंगरप्रिंट हा शब्द चौकोनी कंसात असतो. मी ती ओळ स्क्रीनवरून कॉपी करून डबल कोटमध्ये टाकली तर एरर आला, इनव्हॅलिड कमांड नेम फिंगरप्रिंट. मला कळेना, मी तर कमांड दिलीच नाहीये. पण टीसीएलमध्ये डबल कोटच्या आत चौकोनी कंस म्हणजे "आतलं चालव आणि उत्तर इथे ठेव", तसंच डॉलर म्हणजे व्हेरिएबल. म्हणून पासवर्डमध्ये डॉलर असेल तर तो डबल कोटमध्ये टाकला की गेलाच. महिरपी कंसात टाका, मग आतल्या कशालाही हात लागत नाही. आणि पासवर्ड डॅशने सुरू होत असेल तर सेंडनंतर दोन डॅश द्या, नाहीतर तो पर्याय समजून भांडत बसतो.

मुळात अख्खी ओळ जुळवायच्या फंदात पडूच नका, नेमका छोटा तुकडा पकडा. जुन्या लोकांची एक युक्ती आहे, पासवर्डच्या प्रॉम्प्टची वाट बघताना इंग्रजी शब्दातलं पहिलं पी अक्षर गाळून बाकीचं लिहायचं, म्हणजे कोणी मोठा पी वापरलेला असो की छोटा, दोन्ही जुळतात. पहिल्यांदा कोणाची तरी स्क्रिप्ट वाचताना मला ती टायपिंगची चूक वाटली आणि मी ती दुरुस्त केली, आणि मग तीन स्विचवर स्क्रिप्ट अडकली.

लांब आउटपुटचं पण असंच, स्विच एक पान दाखवून "मोअर" म्हणून थांबतो. एकाच एक्स्पेक्टमध्ये दोन शाखा ठेवायच्या, मोअर दिसलं तर स्पेस पाठव आणि एक्स्प_कंटिन्यू कर, प्रॉम्प्ट दिसला तर पुढे जा. एक्स्प_कंटिन्यू म्हणजे परत त्याच जागी वाट बघायला बस, आणि टाइमआउटचं घड्याळ पण नव्याने सुरू होतं. दहा पानं असोत की शंभर, तेवढ्या चार ओळींत काम होतं. हे मला जेव्हा पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा 43 स्विचचं कॉन्फिग रोज रात्री बॅकअप व्हायला लागलं, आधी ते कधीतरी, आठवण झाली की व्हायचं.

सोबत ऑटोएक्स्पेक्ट नावाचा प्रोग्राम येतो, तो चालू करून तुम्ही हाताने काम करा, तो बघत राहतो आणि शेवटी स्क्रिप्ट लिहून देतो. शिकण्यासाठी उत्तम, पण ती स्क्रिप्ट जशीच्या तशी वापरू नका. स्क्रीनवर जे जे आलं ते सगळं तो अक्षरन् अक्षर लिहितो, लॉगिन झाल्यावरची तारीख आणि वेळसुद्धा, मग उद्या तारीख बदलली की जुळतच नाही आणि स्क्रिप्ट तिथेच अडकून बसते. मी त्यातून सांगाडा घेतो आणि बाकी छाटतो. आणि हो, रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही टाकलेला पासवर्ड पण त्या फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो, ती फाइल कोणाला पाठवायच्या आधी डोळे उघडे ठेवून वाचा.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर, स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवलेले लोक मी खूप बघितलेत आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये देणं तर त्याहून वाईट, कारण पीएस (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारला की त्याच मशिनवरच्या दुसऱ्या युजरला दिसतो. माझी पद्धत अशी, स्क्रिप्ट सुरू झाली की एसटीटीवाय कमांडने इको, म्हणजे टाइप केलेलं स्क्रीनवर दिसणं, बंद करायचा, एक्स्पेक्ट_युजरने माणसाकडून एकदाच पासवर्ड विचारून घ्यायचा, इको परत चालू. मग तो फक्त मेमरीत राहतो. क्रॉनमधल्या बॅकअपला माणूस नसतो, तिथे फक्त वाचायचे अधिकार असलेला वेगळा युजर केलाय, फाइल 600 परवानगीची, दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. आणि लॉग लिहिताना पण बघा, स्विचवर नवा पासवर्ड टाइप होताना तो स्क्रीनवर दिसतो, म्हणजे लॉगमध्ये पण येतो, तेवढ्या ओळीपुरतं लॉग_युजर आणि लॉग_फाइल दोन्ही बंद करायचं.

आता माझ्या आवडीचं, इंटरॅक्ट. आमच्या पेठेतल्या स्विचवर थेट जाता येत नाही, आधी एका मधल्या सर्व्हरवर, तिथून दुसरीकडे, मग स्विच. तीन लॉगिन, आणि हे सगळं फोन वाजत असताना, पलीकडून मॅडम सांगतायत की परीक्षा चालू आहे आणि लॅबचं नेट गेलंय. आता मी एक शब्द आणि इमारतीचं नाव टाइप करतो, स्क्रिप्ट तिन्ही टप्पे पार करते, इनेबलपर्यंत नेते आणि इंटरॅक्ट म्हणून बाजूला होते. पुढे कीबोर्ड माझा. कुठे मशिनने काम करायचं आणि कुठून पुढे माणसाने, ही रेघ मीच मारायची, आणि ती हवी तिथे मारता येते. एवढ्या जुन्या टूलमध्ये हा विचार इतका नीट केलेला आहे की मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

छोट्या गोष्टी पण कामाच्या आहेत. अनबफर नावाची एक स्क्रिप्ट सोबत येते, एखादा प्रोग्राम पाइपमध्ये टाकला की आउटपुट अडवून धरतो आणि मग एकदम ओकतो, त्याच्या आधी अनबफर लावलं की ओळ आली की दिसते. हडपसरच्या यूपीएसचं सिरीयल कन्सोल फार जुनं आहे, जोरात टाइप केलं तर अक्षरं खातं, तिथे सेंडला डॅश एस लावून हळू पाठवता येतं, दोन अक्षरांमध्ये किती थांबायचं ते सेंड_स्लोमध्ये सांगायचं. आणि काही कळेनासं झालं की डॅश डी लावून चालवा, काय आलं, कशाशी जुळवून बघितलं, जुळलं की नाही, सगळं ओळीओळीने सांगतं. माझे निम्मे प्रश्न तिथेच सुटलेत. मॅन पेज लांबलचक आहे पण वाचण्यासारखं आहे, उदाहरणांसकट.

कुठे वापरू नये? लिनक्सवरून लिनक्सवर जायचं असेल तर एसएसएच की वापरा, तिथे पासवर्ड पाठवत बसायचं कारण नाही. नवीन स्विच असतील ज्यांना एपीआय आहे किंवा ॲन्सिबलचे (अनेक मशिनचं कॉन्फिग एकदम करणाऱ्या टूलचे) तयार मॉड्यूल आहेत, तर ते वापरा, कारण एक्स्पेक्ट शेवटी स्क्रीनवरचा मजकूर वाचतं, आणि फर्मवेअर अपडेटमध्ये कोणी एक शब्द बदलला की स्क्रिप्ट मोडते. विंडोजवर थेट चालवायच्या भानगडीत पडू नका, डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) चालवा.

ऑफिसात एक ज्युनियर मुलगी आलीय, तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दादा, टीसीएल आता कोण शिकतं, हे पायथॉनमध्ये नाही का होत?" होतं की. पीएक्स्पेक्ट नावाची लायब्ररी आहे, हीच कल्पना पायथॉनमध्ये आणलेली, आणि तिथे एक गोष्ट जास्त चांगली आहे, टाइमआउट झाला की ती एक्सेप्शन फेकते, गप्प बसत नाही. जिला पायथॉन येतं तिने खुशाल ती घ्यावी, मी तिला तेच सांगितलं. पण दहा ओळींचं काम असेल, मशिनवर दुसरं काही टाकायची परवानगी नसेल, तर मूळ एक्स्पेक्टच हाताशी येतं. आणि जुनं आहे म्हणून टाकाऊ समजू नका, जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर, यांच्या चाचण्या ज्या डेजाग्नू या टूलवर चालतात ते या एक्स्पेक्टवरच उभं आहे.

तिने दोन्ही करून बघितलं. गेल्या शनिवारी हडपसरच्या यूपीएसची बॅटरी रोज तपासायची स्क्रिप्ट तिने एक्स्पेक्टमध्येच लिहिली, 31 ओळी. मी उघडली तर प्रत्येक एक्स्पेक्टखाली टाइमआउट आणि ईओएफ दोन्ही होते, पासवर्डचं पहिलं अक्षर गाळलेलं होतं. मी म्हटलं, "अगं, हे कुठून घेतलंस?" ती म्हणाली, "तुमच्या फाइलमध्ये कॉमेंट होती ना दादा, हे अक्षर दुरुस्त करू नका म्हणून."